देवळाच्या दारावरचा 'सभ्य पोशाख': ही पाटी नेमकी कुणासाठी?

रानजाई (धागाकर्ती)

आमच्या गावच्या देवस्थान समितीत सध्या एका पाटीवरून चर्चा चालू आहे. मजकूर तीनच शब्दांचा: 'सभ्य पोशाखातच प्रवेश'. समितीत मी आहे, आणि बाई म्हणून एकटीच आहे. पुढच्या बैठकीत ठरावावर सह्या व्हायच्या आहेत. तिथे माझं बोलणं दोन वाक्यांपुढे जात नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. विरोधी मतंही हवी आहेत.

आपल्याकडच्या गेल्या काही वर्षांतल्या पाट्या आठवून पाहा. डिसेंबर २०२० मध्ये शिर्डीत साईबाबा संस्थानानं भारतीय संस्कृतीला साजेसे, सभ्य कपडे घालून या, असे फलक लावले. ते काढायला निघालेल्या, बायकांच्या मंदिरप्रवेशासाठी लढणाऱ्या तृप्ती देसाईंना पोलिसांनी वाटेत सुप्याजवळच अडवलं. हे आवाहन आहे, सक्ती नाही, असं संस्थानाचं म्हणणं होतं. मे २०२३ मध्ये तुळजापूरला पाटी लागली: अंगप्रदर्शक, उत्तेजक, असभ्य कपड्यांना मनाई, आणि हाफ पँट, बर्मुडा घातलेल्यांनाही. टीका झाली आणि त्याच दिवशी ती मागे घेतली गेली. जानेवारी २०२५ च्या अखेरीस मुंबईच्या सिद्धिविनायक न्यासानं तोकडे स्कर्ट, फाटक्या जीन्स आणि अंगप्रदर्शन करणारे कपडे चालणार नाहीत असं जाहीर केलं.

हाफ पँट म्हटलं की कुणालाही कळतं. फाटकी जीन्स कळते. पण 'उत्तेजक' कसं ओळखायचं? ते कापडावर लिहिलेलं नसतं. दारावरच्या रखवालदाराला बाईकडे वरपासून खालपर्यंत बघून ते ठरवावं लागतं. म्हणजे ज्या नजरेपासून आम्हाला वाचवायचं म्हणता, तीच नजर तुम्ही दारात नेमून बसवता. पुरुषांच्या वाट्याला कपड्याचं नाव येतं आणि बाईच्या वाट्याला विशेषण. तुळजापूरच्या पाटीत मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे.

आता थोडं मागे जाऊ. एप्रिल २०१६. देवळात जिथे पुरुष जाऊ शकतो तिथे बाईलाही अडवता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं १९५६ च्या कायद्याचा आधार घेऊन नुकतंच सांगितलं होतं. कोल्हापूरला अंबाबाईच्या गाभाऱ्यात जायचं तर साडीच हवी, असा आग्रह धरला गेला. सलवार-कमीज घालून गेलेल्या देसाईंना तिथे धक्काबुक्की झाली. त्याच महिन्यात त्र्यंबकेश्वरी बायकांना गाभाऱ्यात सकाळी तासभर सोडायचं ठरलं, पण ओलेत्यानं, सुती किंवा रेशमी वस्त्रात. ओलं सुती वस्त्र अंगाला कसं चिकटतं हे कुठल्याही बाईला विचारा. तिथे मात्र ते पवित्र ठरलं, कारण तो सोवळ्याचा नियम आहे. सोवळ्याबद्दल माझी तक्रार नाही. सोवळ्यात किती अंग दिसतं हा प्रश्न तिथे कुणालाही पडत नाही, उघड्या अंगानं पूजा करणाऱ्या गुरुजींच्या बाबतीतही पडत नाही, हे मला दाखवायचं आहे. आणि जो सलवार-कमीज २०१६ मध्ये कोल्हापूरला चालला नाही, तोच मार्च २०२४ च्या शिक्षकांसाठीच्या शासकीय पत्रकात शोभणारा पोशाख म्हणून छापून आला.

काष्ट्याच्या नऊवारीत पोटऱ्या दिसतात. कोळणींचं लुगडं गुडघ्याशी संपतं. पुढे गाठ मारायच्या खणाच्या चोळीत पोट उघडं राहतं. हे सगळं आपण परंपरा म्हणून मिरवतो आणि मिरवावंच. पण मग गुडघ्याखाली येणारा फ्रॉक घातलेल्या पोरीला कुठल्या तोंडानं परत पाठवायचं?

माझं म्हणणं एवढंच आहे. देवळाला नियम करू द्या, पण नियमात कपड्याचं माप लिहा. 'सभ्य' लिहिलंत की बाहेर उभी राहिलेली बाई आपोआप असभ्य ठरते, आणि तो शिक्का तिच्याबरोबर घरापर्यंत जातो. गावात तर फारच.

वारीवाला

ताई, कळकळ पोचली. तरी मला पाटी हवी आहे आणि का ते सांगतो.

देऊळ हे फिरायला यायचं ठिकाण नाही. हल्ली सुट्टीच्या दिवशी निम्मी गर्दी घाटातून धबधबा बघून थेट देवळात शिरते. ओले बर्मुडे, बनियनसारखे टी-शर्ट, हातात मोबाइल. यात पोरंच जास्त असतात हे मी मान्य करतो. गाभाऱ्यासमोर डोळे मिटून बसलेल्या माणसाला त्रास होतो. लग्नाला, मयताला, कचेरीत आपण वेगवेगळे कपडे घालतो ना? मग देवासमोर जाताना थोडी तयारी मागितली तर त्यात बाईचा अपमान कुठे झाला?

पंढरीच्या वाटेवर मी आयुष्यभर बायका बघत आलो. पावसात लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखल तुडवतात. त्यांच्याकडे वाकड्या नजरेनं बघायची कुणाची टाप नाही. कारण तिथे भाव दिसतो. मर्यादा हा शब्द तुम्हाला नकोसा झालाय, मला तो जपावासा वाटतो.

रानजाई

दादा, मर्यादा मलाही हवी आहे. पण तुम्हीच सांगितलंत की वारीत उघड्या गुडघ्यांनी काही बिघडत नाही, भाव महत्त्वाचा. भाव कपड्यांवरून ओळखता येत नसेल तर पाटी कपड्यांवर का? आणि त्रास पोरांच्या बर्मुड्याचा असेल तर पाटीत तसं लिहू. मी पहिली सही करेन.

सुईदोरा

मी इचलकरंजीत लेडीज टेलरिंग करते. माझा अनुभव सांगते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, डिसेंट शिवा." मी लगेच टेप काढते, कारण त्या शब्दावर मला कात्री चालवता येत नाही. पुढचा गळा सहा इंच घेऊ की साडेपाच? मागचा आठ चालेल की बंद गळा? बाही कोपरापर्यंत की तीन चतुर्थांश? बाजूचा कट कमरेपासून की खालून? अस्तर लावायचं का? एकीला आठ इंचांची पाठ म्हणजे अगदी साधी, दुसरीला त्याच मापानं घाम फुटतो. एकाच घरातल्या सासू-सुनेची मापं वेगळी, आणि त्याच सुनेचं माहेरी घालायचं आणि सासरी घालायचं ब्लाउज वेगळं. यात मला काही चूक वाटत नाही. जिचं अंग तिनं ठरवावं.

मात्र हल्ली नवीन मुली मोबाइलवर चित्र दाखवतात, त्याखाली 'मॉडेस्ट वेअर', म्हणजे शालीन पोशाख, असं लिहिलेलं असतं. बघायला गेलं तर साधा लांब बाह्यांचा, अस्तराचा कुर्ता. पूर्वी आपण त्याला लांब बाह्यांचा कुर्ता म्हणायचो. तयार कुर्त्यात बाह्या आत वेगळ्या टाचून येतात, हव्या तर लावा, नको तर राहू द्या. कुठलंही विशेषण न लावता निवड तिच्या हातात असते. मला ती पद्धत आवडते.

अबोली_शारजा

मी दहा-बारा वर्षं आखातात राहते, त्यामुळे या लेबलाची दुसरी बाजू मांडते.

इथे 'मॉडेस्ट फॅशन' हा मोठा धंदा आहे. २०१४ मध्ये डीकेएनवायनं रमझानसाठी खास कपडे काढले, २०१६ च्या सुरुवातीला डोल्चे अँड गबाना यांनी अबाया (अंगभर सैल झगा) आणि हिजाब बाजारात आणले. दुबईत 'द मॉडिस्ट' नावाचं ऑनलाइन दुकान ८ मार्च २०१७ ला, म्हणजे महिलादिनीच सुरू झालं आणि २०२० मध्ये बंद पडलं. माझ्या हिजाब घालणाऱ्या मैत्रिणींना हे लेबल सोयीचं वाटतं. पूर्वी त्या एकावर एक तीन कपडे चढवून जुळवाजुळव करायच्या. आता शोधलं की पूर्ण बाह्यांचं, पारदर्शक नसलेलं कापड लगेच सापडतं. त्यांनी स्वतः होऊन ते निवडलं आहे. त्या आपल्याला मागास समजणाऱ्यांवरही तेवढ्याच चिडतात, आणि त्यांचं चिडणं मला पटतं.

त्यातल्याच एकीचं म्हणणं असं की दुकानानं कपड्याला काय म्हणायचं ते म्हणावं, पण सरकारनं आणि शेजाऱ्यानं म्हणू नये. इथल्या मॉलमध्ये पाटी असते: खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. पुरुष-बायका दोघांना. वाद घालायला जागाच नाही, आणि कुणाच्या चारित्र्याचा उल्लेखही नाही. अबू धाबीच्या मोठ्या मशिदीत बायकांना अंगावर घ्यायला अबाया मिळतो.

निळी_शाई

चर्चा 'कमी कपडे विरुद्ध जास्त कपडे' अशी वळू नये म्हणून लिहितो. अंग झाकणं हासुद्धा हक्क होता आणि तो लढून मिळवावा लागला.

दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार जातीतल्या बायकांना छाती झाकायची बंदी होती. उच्च जातींपुढे ते उद्धटपणाचं समजलं जायचं. एकोणिसाव्या शतकात दंगली झाल्या, बाजारात बायकांचे कपडे फाडले गेले. शेवटी १८५९ मध्ये संस्थानानं परवानगी दिली, तीही उच्च जातीच्या बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही या अटीवर. म्हणजे लाज राखायचा अधिकारसुद्धा जातीनुसार वाटलेला.

आणि आपल्या महाडला काय झालं ते प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. डिसेंबर १९२७, मनुस्मृती जाळली ती परिषद. तिथे बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांपुढे वेगळं भाषण केलं. तुमची लुगडं नेसायची पद्धत आणि अंगावरचे कथलाचे, चांदीचे जाडजूड दागिने ही तुमच्या अस्पृश्यपणाची ओळख झाली आहे, ती टाका, वरच्या जातीतल्या बायका नेसतात तसं नेसा, असं त्यांनी सांगितलं. तोवर त्यांचं लुगडं गुडघ्याच्या वर असायचं. बायकांनी तिथल्या तिथेच नेसण बदललं. महाडमधल्या कायस्थ घरांतल्या बायकांनी त्यांना तसं नेसवायला मदत केली.

ज्या लांबीला काही घरांत कुलीनपणाची खूण मानत होते, ती या बायकांनी ताठ मानेनं स्वतःकडे घेतली. लुगडं घोट्यापर्यंत आलं म्हणून त्या जास्त सभ्य झाल्या, असं म्हणणं हा त्यांच्या आयांचा अपमान आहे. त्यांच्या आया शेतात राबत होत्या आणि त्यांना आखूड नेसायला लावलं गेलं होतं. म्हणून मला अंगभर नेसणाऱ्या बाईबद्दल आदर आहे आणि आखूड घालणाऱ्या बाईबद्दलही. चीड आहे ती दोघींवर चिठ्ठी चिकटवणाऱ्यांची.

वारीवाला

निळी_शाई, महाडचा हा भाग मला माहीत नव्हता. वाचून बराच वेळ विचार करत होतो. याच्यावर मला लगेच उत्तर द्यायचं नाही.

जिप_शिक्षिका

वर २०२४ च्या पत्रकाचा उल्लेख आला. ते आमच्यासाठी आहे. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार/चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग नको, चित्रविचित्र नक्षी नको. त्याआधी डिसेंबर २०२० मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांसाठीही असंच पत्रक आलं होतं. त्यात बायकांना ट्राउझर आणि शर्ट चालत होता, दुपट्टा 'आवश्यकता असल्यास'. ती आवश्यकता कुणाला वाटल्यास, ते लिहिलेलं नव्हतं.

मी तालुक्याच्या गावाहून स्कूटीवर शाळेत जाते. शेवटचे तीन किलोमीटर खडीचा रस्ता. पदर किंवा ओढणी चाकात जाण्याची भीती रोजची. पोरांना खो-खो शिकवताना ओढणी कमरेला बांधते. एकदा पाहणीला आलेल्या एका वरिष्ठांनी नेमकं तेव्हाच बघितलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "मॅडम, ओढणी जागेवर असावी." मुलं माझ्याकडे बघत होती. सातवीतल्या मुली खाली बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून खो-खोपेक्षा दुसरंच काहीतरी शिकून घेतलं, त्याचं दुःख मला अजून आहे.

शिक्षिकेनं नीटनेटकं असावं हे मला शंभर टक्के मान्य. पण माझ्या नीटनेटकेपणाचा हिशेब ओढणीवर का आणि सरांचा फक्त शर्ट खोचण्यावर का?

मुलीचा_बाबा

मी वेगळं बोलणार आहे, रागावू नका. माझी मुलगी अकरावीला आहे. मी तिला अंगभर कपडे घाल म्हणून सांगतो. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे, बाहेरच्यांवर नाही म्हणून. एसटी स्टँडवर उभी असते तेव्हा माझा जीव इथे थाऱ्यावर नसतो. तुम्ही सगळे तत्त्वाचं बोलता ते बरोबर आहे. पण उद्या काही झालं तर पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न कपड्यांचाच विचारतात ना? मग आधीच काळजी घेतली तर बापाचं काय चुकलं?

काळा_कोट

बाबा, तुमचं काही चुकलं नाही. काळजी खरी आहे. पण ज्या प्रश्नाला तुम्ही घाबरता तो प्रश्न कायद्यात कुठेच बसत नाही, हे तुम्हाला आणि तुमच्या मुलीला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

विनयभंगाचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ३५४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ७४ आहे. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर पंजाबातला एक खटला आला. पीडिता साडेसात महिन्यांचं बाळ. एवढ्या तान्ह्या जिवाला विनयाची जाणीवच नाही, मग भंग कसला, असं म्हणून उच्च न्यायालयानं आरोपीला या कलमातून सोडलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो निकाल फिरवला. विनय हा स्त्रीला जन्मापासून असतो, तिचं वय, समज, झोपलेली की जागी यावर तो अवलंबून नाही. वाचून बघा, त्यात कपड्यांचा संबंध कुठे येतो?

तरीही नजर जुनीच राहते. ऑगस्ट २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयानं एका ज्येष्ठ लेखकाला अटकपूर्व जामीन देताना तक्रारदार बाईचा पोशाख उत्तेजक होता असं आदेशात लिहिलं. ऑक्टोबरमध्ये केरळ उच्च न्यायालयानं ते वाक्य काढून टाकलं. 'उत्तेजक' हाच शब्द, देवळाच्या पाटीवरचा. म्हणून मला पाटी ही किरकोळ बाब वाटत नाही. दारावर जो शब्द आपण रोज वाचतो तोच उद्या जबाबात येतो.

मुलीला सांगा: हवे ते कपडे घाल, आणि काही झालं तर घरी सांगायला घाबरू नकोस. तुमच्या कपड्यांच्या सूचना ऐकून तिला असं वाटायला नको की घडलेलं सांगितलं तर आधी आपल्याच कुर्त्याची चौकशी होईल. मुली तक्रार लपवतात त्यामागे बहुतेक वेळा हीच भीती असते. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मुलीचा_बाबा

हे शेवटचं मला कळलं. आज रात्री तिच्याशी बोलतो.

बर्फाळ_वाट

युरोपातून एक भर. इथे उलटीही सक्ती पाहिली आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये फ्रान्समधल्या किनाऱ्यावरच्या अनेक नगरपालिकांनी बुर्किनीवर, म्हणजे अंगभर झाकणाऱ्या पोहण्याच्या पोशाखावर, बंदी घातली. महिनाअखेर तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं विलनव-लुबे गावची बंदी स्थगित केली. जुलै २०२१ मध्ये नॉर्वेच्या महिला बीच हँडबॉल संघानं बिकिनीऐवजी आखूड पँट घातली म्हणून त्यांना दीड हजार युरो दंड झाला. त्याच वर्षी पुढे तो नियम बदलावा लागला. झाकलं तरी दंड, नाही झाकलं तरी दंड. एवढंच.

मांडवीकाठ

गोव्यातून लिहितोय. पर्यटकांचा लोंढा काय असतो ते आम्हाला विचारा. फोंड्याच्या देवळांत आणि जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये, दोन्हीकडे कपड्यांचे नियम आहेत. वारीवाला म्हणतात ती चीड इथल्या महाजनांनाही येते, आणि ती खोटी नाही. समुद्रावरून थेट येतात लोक.

पण परत पाठवण्यापेक्षा झाकायला काहीतरी देणं सोपं पडतं. तिरुवनंतपुरमला पद्मनाभस्वामीच्या देवळात बघा. नियम कडक: पुरुषांना धोतर आणि वर उघडं अंग, बायकांना साडी किंवा मुंडू (कमरेला गुंडाळायचं वस्त्र). २०१६ च्या नोव्हेंबरात तिथल्या अधिकाऱ्यानं चुडीदारला परवानगी दिली, पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयानं ती रद्द केली. तरी बायका परत जात नाहीत, चुडीदारवरच मुंडू गुंडाळतात आणि आत जातात. नियम पटो न पटो, काय करायचं ते स्पष्ट आहे. गुरुद्वारात तर रुमालांची टोपलीच दारात असते. बाप्या असो की बाई, डोकं झाका आणि या. तिथे कुणाला आपण असभ्य ठरलो असं वाटलेलं मी ऐकलं नाही.

सुईदोरा

मांडवीकाठ यांच्याशी सहमत. रानजाईताई, दारात ठेवायच्या उपरण्यांसाठी कापड लागलं तर सांगा. साधं मांजरपाट चालेल, सव्वादोन मीटरला एक होईल, कमरेला आरामात वेढा बसतो. धुवायला सोपं. कडा मी शिवून देते, मजुरी नको.

रानजाई

सगळ्यांचे आभार. मुलीचा_बाबा, तुमचेही, कारण आमच्या समितीत तुमच्यासारखा विचार करणारे चारजण आहेत आणि त्यांना काय सांगायचं ते काळा_कोट यांच्यामुळे कळलं.

बैठकीसाठी मजकूर तयार केला आहे. यात 'सभ्य', 'शालीन', 'उत्तेजक', 'संस्कृती' यातलं काहीही नाही:

*'मंदिरात येताना सर्वांचे खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. गरज असल्यास डावीकडच्या टोपलीतले उपरणे घ्यावे व जाताना परत ठेवावे. कपड्यांवरून कोणालाही दारातून परत पाठवले जाणार नाही. पूजाविधीतील सोवळ्याला हा नियम लागू नाही.'*

वारीवाला दादा, तुमची सही मिळेल का यावर? समितीत तुमच्यासारखी माणसंच जास्त आहेत, म्हणून विचारते.

वारीवाला

महाडचं वाचल्यापासून 'सभ्य' शब्दाचा आग्रह मी सोडला आहे. मजकूर पटला, पण दोन दुरुस्त्या. एक, वारीच्या दिवसांत दिंड्या मुक्कामाला येतात तेव्हा गुडघ्याचा नियम लावू नका. चिखलातून आलेल्या बाईला दारात खोचलेलं लुगडं खाली सोडायला लावणं मला सहन होणार नाही. दोन, मोबाइलबद्दल वेगळी पाटी लावा, खरा उपद्रव तोच आहे. एवढं घाला, माझी सही आहे.

रानजाई

दोन्ही घेतले. सुईदोराताई, वीस उपरण्यांचं कापड समितीच्या खात्यातून मागते. ठराव झाला की तुम्हाला निरोप पाठवते.